बोरूचं अक्षर टी-शर्टवर छापताना कडा बिघडतात

बोरूने (तिरप्या कापलेल्या टोकाच्या लेखणीने) काढलेली एक ओळ सुती टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटने (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून) छापायची आहे. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन करून इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केली (चित्राच्या कडा आपोआप रेषांत बदलल्या), तर शिरोरेखा लाटेसारखी दिसते आणि ‘क्ष’मधल्या पोकळ्या बुजतात. काय चुकतंय?

अक्षरवेडा: स्कॅनच कमी पडतोय. ग्रेस्केलमध्ये 1200 डीपीआय, टिफ फाइल. जेपीजी नको, कडांभोवती कचरा येतो. आधी लेव्हल्सने (चित्राचा उजेड-काळोख बदलणाऱ्या सोयीने) कागद पूर्ण पांढरा करा, मगच ट्रेस. शिरोरेखा मात्र ट्रेसवर सोडू नका, पेन टूलने कमीत कमी बिंदूंत पुन्हा ओढा. अगदी पट्टीसारखी सरळ नको, नाहीतर बोरूचा जीवच जातो. आणि कागद? साध्या झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, ते ट्रेसमध्ये केसांसारखं उमटतं. गुळगुळीत आर्ट कार्ड घ्या.

स्क्रीनवाला: पोकळ्या छपाईतही बुजतात, कारण शाई कापडात पसरते. प्रत्यक्ष मापात पोकळी निदान 1 मिमी ठेवा, बारीक रेघ अर्धा मिमी. सुतीला इंचाला 110 ते 160 धाग्यांची जाळी चालते. बारीक कामाला 160 बरी. स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) एकदाच ओढा, जोर कमी.

अक्षरवेडा: मुंबईत पावसाळ्यात इमल्शन (जाळीवरचा, प्रकाशाने कडक होणारा लेप) नीट वाळत नाही, एक्स्पोजरनंतर (त्यावर प्रकाश पाडल्यावर) धुताना बारीक भाग निघून जातो. लेप लावलेली जाळी आधी अंधारात पंख्याखाली रात्रभर ठेवा, डीह्युमिडिफायर असेल तर उत्तमच.

प्रश्नकर्ता: नवीन स्कॅन करतो. पोकळ्या मोठ्या करायला ऑफसेट पाथ (सगळी कड सारखीच आत-बाहेर सरकवणारी सोय) वापरू?

स्क्रीनवाला: नको, सगळंच अक्षर बारीक होईल. फक्त ‘क्ष’च्या आतले बिंदू हाताने सरकवा.