मदत हवी आहे: भावाचा पंजा वाळतोय, एमआरआय नॉर्मल

टपरीवरचा_चहा: भावाचा उजवा हात मनगटाच्या आसपास वाळत चाललाय, अंगठा आणि पहिल्या बोटामधे चक्क खड्डा पडलाय. मानेचा एमआरआय नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले नस दबली असेल, दुसऱ्यांनी एएलएसचं (स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जातात तो जीवघेणा आजार) नाव काढलं आणि आई तेव्हापासून नीट जेवत नाहीये. पुण्यात चांगला न्यूरो सुचवा, लवकर. गूगल करून झालंय.

निवांत: वय? मुंग्या, बधीरपणा?

सरोजमावशी: बी१२ बघा आधी. माझा खांदा आखडलेला तेव्हा महानारायण तेलाने फरक पडला, शिवाय भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम.

निवांत: मावशी, खांद्याचं कुणी विचारलंय का :)

टपरीवरचा_चहा: वय १९. दुखत नाही, मुंग्या नाहीत. थंडीत सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत, बोटं पसरली की थरथरतात. न्यूरो सांगा ना कुणीतरी.

घाटवाट: अहो हे आधी सांगायचं! हिरायामा आजार असू शकतो, त्यात पंजा आणि हाताचे स्नायू वाळतात. जपानमधे १९५९ साली पहिल्यांदा नोंदला गेला, जास्त करून तरुण मुलांमधे, आपल्याकडेही आढळतो. मान खाली घातली की मज्जारज्जूचं मागचं आवरण पुढे सरकतं आणि रज्जू दाबला जातो, म्हणून सरळ झोपवून काढलेला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो, मान पुढे वाकवून काढायला लागतो. माझ्या भाच्याला होता, मानेला कॉलर लावली, वाळणं थांबलं पण गेलेलं मांस काही परत आलं नाही.

कडूकारलं: एका भाच्यावरून निदान? अल्नर नस (कोपरामागून करंगळीकडे जाते ती) कुष्ठरोगातही खराब होते, कोपराशी जाड लागते का बघा.

घाटवाट: बधीरपणा नाही म्हणतोय तो, वाचा की.

कडूकारलं: वाचलं. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथीमधेही (हालचालीच्या नसांचा आजार) बधीरपणा नसतो, आणि तिला आयव्हीआयजीने (शिरेतून देतात त्या अँटिबॉडीज) फरक पडतो, म्हणून सोडून चालत नाही. एनसीव्हीत (नसेतून सिग्नल कसा जातो ती तपासणी) कंडक्शन ब्लॉक आहे का, म्हणजे सिग्नल मधेच अडतोय का?

मोरपीस: अवांतर: दिवसभर मान खाली घालून मोबाईल, दुसरं काय होणार!

घाटवाट: १९५९ ला कुठले मोबाईल हो?

मोरपीस: मान दुखते एवढंच म्हणायचं होतं, आमच्याकडे सगळ्यांची दुखते.

टपरीवरचा_चहा: एनसीव्ही केलेली नाही, कुणी लिहूनच दिली नाही. कॉलर लावून कॉलेजला जाणार नाही म्हणतो तो आत्ताच. मान वाकवून एमआरआयचे वेगळे पैसे पडतात का?

निवांत: सेंटरला विचारा. चिठ्ठीवर 'मान वाकवून, कॉन्ट्रास्टसह' (कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र स्पष्ट यायला शिरेतून देतात ते औषध) असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर परत सरळच काढतील. ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) दोन्ही हातांची करा, डावा दिसायला ठीक असला तरी.

टपरीवरचा_चहा: ओके. एवढे प्रतिसाद आले, न्यूरोचं नाव एकानेही दिलं नाही.