सूर्य ‘मरेल’, ‘विझेल’ की ‘फुटेल’?

विचारणा

आमच्या नागपूरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातला कार्यक्रम पाहून आल्यावर आठवीच्या मुलींनी सूर्याच्या शेवटाविषयी एक फलक लिहिला. त्यात एके ठिकाणी ‘सूर्य मरेल’, दुसऱ्या ठिकाणी ‘सूर्य विझेल’ आणि शेवटी ‘सूर्याचा स्फोट होईल’ असे आले आहे. मी मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. हे तिन्ही प्रयोग एकाच घटनेला लागू पडतात काय? शिवाय ‘श्वेत बटू’ हे शब्द वाचून एका पालकांनी ‘हा मुंजीतला बटू येथे कसा आला?’ असे विचारले. त्यांना काय सांगावे?

उत्तर

ताई, ‘स्फोट’ फलकावरून आधी काढून टाकावा. अतिदीप्त नवतारा होऊन फुटायचे तर ताऱ्याचे वस्तुमान सर्वसाधारणपणे सूर्याच्या आठपट तरी असावे लागते. आपला सूर्य त्या पंगतीतला नाही.

‘मरणे’ आणि ‘विझणे’ ही दोन्ही क्रियापदे ठेवता येतील, पण एकमेकांच्या जागी नव्हे, कारण सूर्याच्या बाबतीत या दोन घटनांमध्ये अब्जावधी वर्षांचे अंतर आहे. सूर्याच्या गाभ्यात सुमारे १.५ कोटी अंश तापमानाला हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे संमीलन होऊन हेलियम तयार होतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन या कामी येतो आणि त्यातल्या सुमारे ४० लाख टन वस्तुमानाची ऊर्जा होते. या ऊर्जेमुळे टिकून राहणारा आतला दाब आणि सारे द्रव्य केंद्राकडे खेचणारे गुरुत्वाकर्षण यांचा तोल सांभाळला जाणे, हेच ताऱ्याचे जगणे. तो तोल सुमारे ४६० कोटी वर्षे सांभाळला गेला आहे आणि आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे सांभाळला जाईल. इंधन सरून संमीलन कायमचे थांबले, की तारा मेला असे म्हणतात. प्रकाश देणे थांबले की नव्हे.

किंबहुना मरणपंथाला लागलेला सूर्य आजच्यापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी असेल. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर गाभा आकसून तापेल, त्याच्या भोवतीच्या थरात संमीलन जोमाने सुरू होईल आणि बाहेरचे थर फुगत जाऊन तांबूस होतील. याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. त्याचा व्यास आजच्या शंभर-दोनशे पट होईल, बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वीचे काय होईल, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. (बांगडी फुटली न म्हणता ‘वाढली’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत या अवस्थेला ‘सूर्य वाढला’ म्हटले, तर संकेतही पाळला जाईल आणि शास्त्रही दुखावणार नाही. फलकावर मात्र हे लिहू नये.)

मुलींना उदाहरण हवे असेल तर दूर जायला नको. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूरकर ज्या रोहिणी नक्षत्रातल्या सूर्याच्या नावाने बोटे मोडतात, त्या नक्षत्रातला रोहिणी हा मुख्य तारा अशाच अवस्थेत आहे. त्याचे वस्तुमान सूर्याहून थोडेच अधिक, पण व्यास सुमारे ४५ पट आहे, आणि तो आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे. नवतपात तो सूर्याच्या जवळ असल्याने दिसत नाही. हिवाळ्यात संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावरूनसुद्धा त्याची तांबूस छटा ओळखता येते.

पुढे सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे १० कोटी अंशांवर गेले, की हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन तयार होऊ लागतील. त्यापुढचे संमीलन पेटवण्याइतके वस्तुमान सूर्याजवळ नाही. बाहेरचे थर अवकाशात निघून जातील आणि आजच्या सूर्याचे सुमारे निम्मे द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात दाटून उरेल. हाच श्वेत बटू. त्यात संमीलन नसते. तरी शेगडी बंद केल्यावरही तवा जसा चटका देतो, तसा तो साठलेल्या उष्णतेवर प्रकाशत राहतो. तो पुरता निवेल तेव्हाच ‘विझला’ म्हणावे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे आणि एखादा श्वेत बटू पूर्ण विझण्यास तेवढा काळही पुरलेला नाही.

आता बटूविषयी. येथे अर्थ वामनाकडून आला आहे: बटू वामन ठेंगणा, म्हणून ठेंगणा तारा बटू. ही योजना चुकीची नाही, पण ज्याचे आयुष्य सरले त्याला मुंजीच्या मुलाचे नाव द्यावे, हे मला खटकते. ‘श्वेत खुजा तारा’ हाही शब्द रूढ आहे आणि मुलांना तो चटकन कळतो. मी तोच घेईन.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरकर्त्याकडून)

एवढ्या चर्चेत ‘जळणे’ राहिले. ‘सूर्यातला हायड्रोजन जळून संपेल’ असे सर्रास लिहिले जाते. जळण्याला ऑक्सिजन लागतो आणि त्यात अणूंची केंद्रके जशीच्या तशी राहतात. सूर्यात केंद्रकेच बदलतात. बोलताना चालेल, फलकावर ‘संमीलन’ लिहावे.

दुसरे असे, की ‘सूर्य मेल्यावर पृथ्वी गोठेल आणि जीवसृष्टी नष्ट होईल’ हे वाक्य मुलांच्या लिखाणात हमखास सापडते. सूर्याचे तेज दर १०० कोटी वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे समुद्र आटण्याची वेळ त्याच्या मृत्यूच्या फार आधी येईल. आपली अडचण थंडीची नसून उन्हाची असेल, आणि हे नागपुरात तरी समजावून सांगावे लागू नये.

विचारणाऱ्या ताई

दोघांचेही आभार. मुलींनी वाक्य असे बदलले आहे: ‘५०० कोटी वर्षांनंतर सूर्याचा मृत्यू होईल, त्यानंतर तो श्वेत खुजा तारा म्हणून प्रकाशत राहील आणि हळूहळू विझेल.’ हे चालेल ना?

उत्तर

‘५०० कोटी’च्या आधी ‘सुमारे’ घालावे आणि ‘मृत्यू होईल’ऐवजी ‘गाभ्यातील हायड्रोजन संपून सूर्याचा शेवट सुरू होईल’ असे करावे, कारण राक्षसी अवस्थेतच तो आणखी १०० कोटींहून अधिक वर्षे काढणार आहे. बाकी वाक्य ठीक आहे.