घर धुऊन झालं आणि मग पंचनाम्याला आले... मी जास्तच बोललो का?

गाळातला_माणूस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे पूर आला, घरात तीन दिवस पाणी होतं. आईबाबांना घेऊन आम्ही आदल्या रात्रीच बाहेर पडलो होतो म्हणून जिवावर काही बेतलं नाही. पाणी उतरल्यावर परत आलो तर फ्रिज तरंगत जाऊन आतल्या दाराला आडवा पडलेला, दार ढकलून उघडेना. घोट्याच्या वर गाळ, आणि तो वास... ज्याने घेतलाय त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी कुठूनतरी वीसेक पोरं टेम्पो करून आली. ओळख ना पाळख. फावडी, घमेली, पाण्याचा पंप सगळं बरोबर घेऊन. दुपारपर्यंत घर लख्ख. गाद्या, भिजलेली पुस्तकं, फुगलेला सोफा, सगळं ट्रॉलीत भरून बाहेर, आणि वर भिंती पंपाने धुऊन दिल्या. आई नुसती रडत होती. मी एकाला नाव विचारलं तर म्हणाला, काका राहू द्या ना, अजून सहा घरं व्हायचीत.

आणि मग चौथ्या दिवशी तलाठी आले पंचनाम्याला. आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "नुकसान काय झालंय? घर तर स्वच्छ दिसतंय."

झालं. माझं डोकंच फिरलं. पाणी होतं तेव्हा कुठे होतात, परक्यांची पोरं येऊन गाळ उपसून गेली आणि तुम्ही वही घेऊन आलात, आमचं सगळं गेलं आणि तुम्हाला पुरावा पाहिजे... आणखी बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारीपाजारी गोळा झाले.

तो माणूस काही बोलला नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्याने भिंती चाचपत घरभर एक चक्कर मारली आणि मग आमच्या लोखंडी कपाटाला खांदा लावून ते एकट्यानेच वीतभर पुढे ओढलं. त्या कपाटामागे पंप पोचलाच नव्हता. तिथे पाण्याची रेघ होती, मातकट, सरळ, जवळजवळ माझ्या छातीपर्यंत. त्याने टेप लावला, "साडेचार फूट" म्हणाला, फोटो काढला, वहीत लिहिलं. जाताना फक्त एवढंच म्हणाला की सामान टाकून द्यायच्या आधी फोटो काढायला हवे होते, बाकीच्यांना तरी सांगा.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. माणुसकी म्हटलं की मला ती पोरंच आठवतात, अजूनही. पण त्यांच्या हातून माझा पुरावाच धुऊन निघाला आणि ज्याच्यावर मी तोंड टाकलं त्याने तो शोधून काढला. का मी उगाच भावुक होतोय? तुमचे काय अनुभव?

रोखठोक

भाऊ, उगाच वाईट वाटून घेऊ नका. कपाट सरकवलं म्हणजे उपकार नाही केले, त्याचाच पगार घेतात. चौथ्या दिवशी का आले हा प्रश्न विचारा आधी.

आणि जीव वाचवायच्या वेळी कोण असतं ते बघा ना. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली, तेव्हा पहिले दगड उचलले ते जे वाचले होते त्यांनी आणि आसपासच्या गावांनी. जपान म्हणजे तयारीत एक नंबर देश, तिथेसुद्धा 1995 ला कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेले बहुतेक लोक घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते. केरळात 2018 च्या पुरात मच्छीमार आपापल्या होड्या ट्रकवर घालून घेऊन आले. यंत्रणा येते ती नंतर, मोजायला. माझं मत कडू वाटेल पण आहे ते आहे.

वायरमनची_लेक

रोखठोक दादा, शेजारीच आधी पोचणार, तो शेजारी आहे म्हणूनच ना? त्यात यंत्रणेचा पराभव कुठे आला. शहराच्या प्रत्येक बोळात बचाव पथक उभं करून ठेवणं कुठल्याच देशाला जमलेलं नाही.

माझे बाबा वायरमन होते, आता रिटायर झालेत. असाच एकदा पूर आला तेव्हा पाणी डीपीच्या पेटीला लागायच्या आत त्यांनी दोन भागांची लाइन बंद करायला लावली. लोकांच्या घरात तोवर पाणी शिरलंही नव्हतं, सगळ्यांना मोबाइल चार्ज करायचे होते, मोटर लावून टाक्या भरून ठेवायच्या होत्या, त्यामुळे फोनवर फोन. मी त्यांना डबा द्यायला गेले होते तर एक माणूस पलीकडून इतक्या जोरात आईवरून शिव्या देत होता की मला फोन न घेता ऐकू येत होतं. बाबा आपले, "हो साहेब, पाणी उतरलं, तपासणी झाली की लगेच चालू करतो." तीनदा तेच वाक्य, त्याच आवाजात. फोन ठेवला आणि मला म्हणाले, तू लवकर घरी जा, रस्त्यात खांबाला हात लावू नकोस.

ज्यांच्या घरात बोर्डापर्यंत पाणी चढलं आणि तरी शॉक बसला नाही त्यांच्यापैकी एकानेही नंतर फोन केला नाही. करणार तरी कशाला, काही झालंच नव्हतं ना.

अजून एक. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेर खबर कशी पोचली आठवतंय? रोजच्या फेरीला निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसेना. त्याने कळवलं. ती फेरी रोज असायची म्हणून तो तिथे होता एवढंच, तोट्यातली फेरी म्हणून कुणीतरी आधीच बंद केली असती तर?

जुनाट_रेडिओ

वरच्या ताईंचा मुद्दा पुढे नेतो. ओडिशात 1999 च्या ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आलं, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. 2013 ला, पुन्हा ऑक्टोबरच, फायलिन आलं, तेही अतितीव्र, पण किनाऱ्यावरून दहा लाखाच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत काय झालं? निवारे बांधले, गावोगाव रंगीत तालमी घेतल्या, इशारा कुणी कुणाला द्यायचा, म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं हे ठरवलं. अत्यंत कंटाळवाणं काम हो, असल्या मीटिंगचा फोटो कुणी शेअर करत नाही. पण आपण घर सोडायचं नाही म्हणून दारात अडून बसतो तेव्हा चौथ्यांदा येऊन हात जोडणारा जो शिक्षक किंवा पोलीस असतो त्याला माणुसकी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं मला कळत नाही.

आता रोखठोक यांच्या बाजूनेही बोलतो, कारण चौथ्या दिवशी का हा प्रश्न बरोबरच आहे. घर पूर्ण पडलं का अंशतः, यावर मदत ठरते, मग ते बघायला येईपर्यंत माणसाने गाळात बसून राहायचं का? घरात लहान मूल असेल, आजारी माणूस असेल तर पहिल्याच दिवशी साफ करणार. हा दोष त्या तलाठ्याचा नाही, एकेकाच्या गळ्यात किती गावं बांधलीत ते बघा एकदा. पण दोष आहे, आणि तो कुणाचातरी आहेच.

टेम्पोतला

काका मी तुमच्याकडे आलेल्यांपैकी नाही, पण आमचा पण असाच ग्रुप आहे आणि हे वाचून पोटात गोळा आला खरं सांगतो, आम्ही एका पुरात चाळीस एक घरं धुतली असतील आणि प्रत्येक ठिकाणी भिंती मुद्दाम छान घासून दिल्या, कारण लोकांना तो डाग बघून रडू येत होतं. फोटो काढा असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही आणि आमच्या पण डोक्यात आलं नाही. आता पुढच्या वेळी आत शिरल्यावर आधी घरमालकाच्याच मोबाइलवर सगळ्या खोल्यांचे फोटो काढायला लावणार, मोबाइल गेला असेल तर आमच्यावर काढून पाठवणार. आणि एक भिंत तशीच ठेवणार.

अजून एक सांगतो, राग मानू नका कुणी. जुने कपडे पाठवणं बंद करा. निवारा केंद्रात एक अख्खी खोली कपड्यांनी छतापर्यंत भरलेली, त्यात फाटके, त्यात लग्नातला कोट, एकच पायमोजा. ते निवडायला दहा जण दोन दिवस लागले, तेच दहा जण गाळ काढायला गेले असते. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पण जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला पडून होते, म्हणजे आपण वीस वर्षं तेच करतोय. आणि त्या निवारा केंद्रातल्या बायका हळूच येऊन आमच्यातल्या पोरीला विचारायच्या, पॅड आहेत का. ते एकाही खोक्यात नव्हते. आधी फोन करून काय पाहिजे विचारा, मग पाठवा.

रोखठोक

ताईंचं पटलं, एसटीचं माहीत नव्हतं. टेम्पोतल्याला तर सलाम. बाकी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण गाळातले भाऊ, मुख्य मुद्दा राहिलाच, पैसे मिळाले का?

गाळातला_माणूस

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टेम्पोतल्या भावा, पोटात गोळा वगैरे काही आणू नकोस, तुम्ही लोक आला नसतात तर आई त्या गाळातच बसून राहिली असती.

पैसे मिळाले, उशिरा पण मिळाले. शेजारच्या आजींचे मात्र अडकलेत, खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून.

त्यांना घेऊन मागच्या आठवड्यात ऑफिसला गेलो होतो. मनात होतं की त्या निमित्ताने माफीही मागून टाकू, रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तिथे ही रांग. दीड तासाने नंबर लागला, आत गेलो, नमस्कार केला, म्हटलं भाऊसाहेब ओळखलंत का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, नाव काही आठवेना, मग म्हणाले, "साडेचार फूट ना?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात मागून कुणीतरी ढकललं आणि आजींनी पासबुक पुढे केलं, मग तेच काम चालू झालं. माफीचं राहिलंच.