२०१० ची अल्टो, १५ वर्षांचं पासिंग: गाडी नक्की कशावर अडते?

कोकणी_अल्टो
अल्टो एलएक्सआय, पेट्रोल, नोंदणी डिसेंबर २०१०, एमएच-०८. गाडी कायम खाऱ्या वाऱ्यात उभी. १५ वर्षं भरत आलीत, नूतनीकरण करायचंय. सध्याची अवस्था अशी:

पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.९२ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) ३१० पीपीएम. नापास. गॅरेजवाला ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) बदला म्हणतो.
ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. हँडब्रेक पार वरपर्यंत खेचावा लागतो.
ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की दबतो.
चॅसी नंबरवर गंज चढलाय, दोन आकडे धड वाचता येत नाहीत.

आरटीओत यातलं काय बघतात? आणि पैसे आधी कशावर घालू?

पाना_बारा
पीयूसीपासून सुरू करा, कारण ती नसेल तर पुढचं सगळं अडतं.

आधी तुमच्या गाडीला कुठली मर्यादा लागू आहे ते बघा. बीएस-३ (भारत स्टेज, धुराच्या नियमांचा टप्पा) असेल तर सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-४ ला सीओ ०.३ आणि एचसी २००, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास वेगळी चाचणी. एप्रिल २०१० ला बीएस-४ देशातल्या फक्त १३ शहरांत लागू झालं. आपल्याकडची त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर. तुमची गाडी रत्नागिरीकडची, म्हणजे बीएस-३ असण्याची शक्यता जास्त. 'वाहन' या सरकारी पोर्टलवरच्या नोंदीत काय लिहिलंय ते तपासा. तिथे चुकून बीएस-४ पडलं असेल तर चांगली गाडीसुद्धा नापास होते.

आता आकडे. एचसी आटोक्यात आणि सीओ जास्त, म्हणजे मिसफायर (पेट्रोल न पेटणं) नाही, मिश्रण रिच आहे (पेट्रोल जास्त, हवा कमी). प्लग गेला असता तर आधी एचसी उडालं असतं. ऑक्सिजन सेन्सर हे रिच होण्याचं एक कारण झालं, पण सगळ्यात महागडंही तेच, त्यामुळे ते शेवटी ठेवा. त्याआधी:

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बदला.

तापमानाचा काटा बघा. अर्धा तास चालवूनही काटा बराच खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की 'काढून टाका, कशाला हवाय' असं म्हणणारे मेकॅनिक पुष्कळ. मग इंजिन पुरेसं तापतच नाही, ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. मायलेज पडतं ते वेगळंच. काटा बरोबर असूनही सीओ जास्त येत असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सरचं रीडिंग स्कॅनरवर बघा. काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर काही गाड्यांत वेगळे असतात.

सायलेन्सरचं पुढचं जॉइंट. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) समजतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतं. थंड इंजिन चालू करून, हात भाजणार नाही इतक्या अंतरावर ठेवून फ्लँजपाशी (त्या जॉइंटपाशी) झोत लागतो का बघा. काजळीचा काळा पट्टा दिसला तरी गळती समजा.

हे सगळं ठीक निघालं तरच सेन्सर. आणि चाचणीला जाताना गाडी वीस मिनिटं नीट पळवून, एकदा फॅन लागू देऊन, थेट मशीनपाशी न्या. रांगेत बंद करून तासभर उभी केली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) थंड पडतो.

ड्रम_आणि_डिस्क
ब्रेकबद्दल. ब्रेक मारल्यावरच डावीकडे ओढत असेल तर बहुधा उजवं पुढचं चाक ब्रेक पकडत नाहीये. उजव्या कॅलिपरच्या (ब्रेकच्या डिस्कला चिमटणाऱ्या भागाच्या) पिना आधी काढून बघा. खाऱ्या हवेत त्या गंजून जाम होतात. साफ करून फक्त रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. पिवळं ग्रीस लावलंत तर बूट फुगून महिन्याभरात पुन्हा तेच. पिना मोकळ्या असतील तर पिस्टन, आणि पिस्टनही मोकळा असेल तर रबरी होज. जुनी होज आतून सुजते, बाहेरून काही दिसत नाही.

हँडब्रेकची केबल ताणून काम भागवू नका. तेवढ्यापुरता लिव्हर कमी खेचावा लागतो, पण शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) आणि ड्रममधली फट तशीच राहते. मागचे ड्रम काढा, व्हील सिलिंडरचा रबर उचलून ओल आहे का बघा. ओल असेल तर शूला ऑइल लागलेलंच असणार, ते घासून काही उपयोग नाही, दोन्ही बाजूंचे शू बदला. ऑटो अ‍ॅडजस्टर गंजला असेल तर मोकळा करा. सगळं बसवल्यावर आधी शू आणि मग केबल. हँडब्रेक सोडल्यावर मागची चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत. ब्रेक ऑइल डॉट ३, पूर्ण बदलूनच घ्या.

जॅकवर गाडी असतानाच चाक वर-खाली धरून हलवा: खडखड म्हणजे बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवून खेळ लागला तर टाय रॉड एंड. टायरची खाच १.६ मिमीपेक्षा कमी नको. खाचेतली टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी) गाठ रबराच्या बरोबरीला आली असेल तर टायर संपला.

कागदपत्रवाले
चॅसी नंबरला ताबडतोब हात घाला, पण ग्राइंडर किंवा वायर ब्रश मशीन लावू नका. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) नंबरच्या पट्टीवर डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासा. आकडे कागदावर उमटले की तीच छाप अर्जाला लागते. उमटत नसतील तर स्वतः पंच मारून 'उजळवू' नका, तो सरळ गुन्हा आहे. आरटीओची लेखी परवानगी घेऊनच पुन्हा कोरून घ्यावं लागतं. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, तोही तेव्हाच साफ करून ठेवा. तपासणीत गाड्या परत पाठवल्या जातात त्या बऱ्याचदा अशाच गोष्टींवर.

बाकी: मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ (नूतनीकरणाचा अर्ज) परिवहनच्या साइटवर. फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये. विमा चालू, ई-चलन भरलेली, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावलेली हवी. आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटलं तरी आधी बँकेची एनओसी आणि बोजा काढायचा फॉर्म ३५. सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीची तीन वर्षांची हायड्रोटेस्ट (दाबाची चाचणी).

दिवे सगळे, नंबर प्लेटचा छोटा दिवासुद्धा. हेडलाइटला एच४ ६०/५५ वॉटच ठेवा. १०० वॉटचे बल्ब होल्डर वितळवतात आणि रिफ्लेक्टर जाळतात. पुढचा बुल बार काढून टाका, काळी फिल्म असेल तर तीही.

पत्रा_सडका
वरचं सगळं केलंत तर पास होईल. पण पास झाली म्हणजे धड आहे असं धरून चालू नका. निरीक्षक गालिचा उचलून बघतीलच असं नाही, आणि खारं पाणी नेमकं तिथेच काम करतं.

पायाखालचा पत्रा दबतोय तर गालिचा आणि खालचा फोम काढा. ओला असेल तर आधी पाणी येतंय कुठून ते शोधा: एसीचं ड्रेन पाइप तुंबलंय, काचेचं रबर सुटलंय की दारातली खालची भोकं बुजलीत. ते न शोधता पॅच मारला तर पुढच्या पावसाळ्यात तेच. मग रनिंग बोर्ड (दाराखालची पत्र्याची पट्टी), पुढच्या स्ट्रटचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) वरचा भाग आणि स्टेपनीखालचा खड्डा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. कणखर आवाज यायला हवा. बद्द आवाज आला की आतून सडलंय.

सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने. वेल्डिंगआधी बॅटरीचं निगेटिव्ह आणि ईसीयूचं कनेक्टर काढा. वरून लांबी (पुट्टी) भरून डांबर मारणारा स्वस्तात करून देईल, पण डांबराखाली ओल अडकते आणि गंज आणखी जोरात धावतो. मागच्या ब्रेकचा लोखंडी पाइपही बघा; खवले सुटल्यासारखा दिसला तर त्याला पॉलिश करू नका, बदला. स्ट्रटचा टॉवर सडलेला निघाला तर मात्र या गाडीवर पैसे घालू नका. फी भरायच्या आधी हे बघा, नंतर नाही.

कोकणी_अल्टो
काटा खरंच खाली राहतो, हायवेला तर तळाशीच. हाउसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅट नाहीच. नवा घालायचा तर फक्त तोच की अजून काही?

पाना_बारा
हाउसिंगचं गॅस्केट नवं. कूलंट ताजं, नळाचं पाणी नको. भरल्यावर हीटर गरमवर ठेवून हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि फॅन आपोआप लागतो की नाही ते बघा. थर्मोस्टॅट काढला तो बहुतेक फॅन किंवा रेडिएटरची तक्रार झाकायला. फॅन लागत नसेल तर थर्मोस्टॅट घातल्यावर पहिल्याच ट्रॅफिकमध्ये गाडी उकळेल. फॅनचं रिले आणि मोटर आधी तपासा, मगच पीयूसीला जा.