मदत हवी आहे: जेजूचे बांगसाताप (अरिष्ट अडवणारे दगडी मनोरे) कोण उभारतं?

कोरियातल्या गावदेवतांवर लेख लिहितेय. सोनांगदांगची, म्हणजे गावदेवतेच्या ठाण्याची, रीत समजली: खिंडीत किंवा वेशीवर झाडाला रंगीत चिंध्या, बुंध्याशी दगडांची रास, येणारा-जाणारा एक दगड टाकून सुखरूप प्रवास मागतो. अडलंय ते जेजू बेटावर. गावाच्या ज्या बाजूने अरिष्ट येतं असं मानतात तिथे बांगसाताप रचतात. पोटात लोखंडी भांडं आणि भातवाढी पुरतात, माथ्यावर पक्ष्यासारखा दगड! किती विचारपूर्वक केलेलं आहे हे.

इंग्रजी लेख चाळले, सोलच्या मैत्रिणीला विचारलं. सगळे ‘इच्छापूर्तीसाठी’ म्हणून थांबतात, ते पटत नाही. माइसान डोंगरातल्या तापसा मंदिराच्या दगडी मनोऱ्यांची माहिती नको, तो प्रकार वेगळा. कोरियन वाचता येत नाही, पण संदर्भ मिळाला तर भाषांतर करून घेईन.

मनोरा रचताना सिम्बांग, म्हणजे तिथले भगत, विधी करतात की गावकरीच सगळं उरकतात?