मदत हवी आहे – नेट नसलेल्या वर्गात दीक्षाचे व्हिडिओ

नमस्कार मंडळी, आमची झेडपीची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, गावात रेंज फक्त पाराजवळ येते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर व्हिडिओ घरून डाउनलोड करून आणतो पण ते ॲपमध्येच उघडतात, पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीवर लावता येत नाहीत, मग सगळी पोरं एका मोबाईलवर वाकून बघतात आणि मागच्यांना काहीच दिसत नाही. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं त्यात पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता, म्हणून हे सोडून द्यावंसं वाटत नाही. रास्पबेरी पायवर (छोटा, स्वस्त कॉम्प्युटर) कोलिब्री (नेटशिवाय धडे दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकून ऑफलाइन वर्ग कुणी चालवलाय का? मराठी व्हिडिओ त्यात कसे भरायचे आणि लाइट गेल्यावर काय करता, प्लीज सविस्तर सांगा.