सांगलीत कॉफी शॉप: रोज किती कप गेले तर परवडतं?

वारणाली२१
विश्रामबागेत कॉलेजच्या वाटेवर २५० चौरस फुटांचा गाळा मिळतोय. भाडं २५ हजार, डिपॉझिट दीड लाख. भांडवल ९ लाख. त्यातले ४ लाख दोन ग्रुपच्या (म्हणजे कॉफी काढायची दोन तोंडं असलेल्या) एस्प्रेसो मशीनला आणि ३ लाख फर्निचरला, असा बेत आहे. दहा रुपयांच्या चहाच्या गावात शंभराची कॅपुचिनो खपेल का?

वहीखातं
खपेल का ते नंतर बघू, आधी किती खपायला पाहिजे ते काढा. डबल शॉटला, म्हणजे एका कपातल्या कॉफीला, १८ ग्रॅम पूड. १२०० रुपये किलो धरली तर २१ रुपये ६० पैसे. दूध १५० मिली, ६० रुपये लिटरनं ९ रुपये. साखर, टिश्यू, सांडलवंड धरून साडेपाच. झाले ३६. शंभरातले ६४ हातात.

महिन्याचं भाडं २५ हजार, दोन पोरांचा पगार ३०, वीज १०, किरकोळ ५ आणि तुमचा पगार २५. (हा शेवटचा आकडा लोक धरत नाहीत आणि मग धंदा नफ्यात आहे म्हणून सांगत फिरतात.) ९५ हजार भागिले ६४ म्हणजे महिन्याला १४८५ कप. २६ दिवसांनी भागा, रोज ५७. मशीनची झीज यात नाही. मे आणि दिवाळीत कॉलेजची पोरं गायब असतात, ते दिवस निम्म्यानं धरा.

५७ कपांवर वर्षाची विक्री १७ लाख ८० हजारांच्या आसपास जाते. २० लाख ओलांडले की जीएसटी नोंदणी आली. ५ टक्क्यांच्या दरात मशीनवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

खरी चूक वेगळीच आहे. तुमच्या बेतात साडेआठ लाख उघडण्याआधीच संपतात. उरलेल्या ५० हजारांत एका महिन्याचं भाडं-पगारसुद्धा भागत नाही. स्वतःचा पगार सोडून सहा महिन्यांचे ४ लाख २० हजार बाजूला काढा. मशीन, ग्राइंडर, टेबलं, सगळं उरलेल्या ३ लाख ३० हजारांत बसवा.

ग्रुपहेड
५७ कपांना एक ग्रुप पुरतो राव. वाचलेले पैसे ग्राइंडरवर घाला. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत कपात उतरली पाहिजे. १५ सेकंदांत सुटली तर आंबट आणि पाणचट, दळण बारीक करा. ४० च्या वर गेली तर कडू, जाड करा. पावसाळ्यात दमटपणामुळं हे रोज सकाळी नव्यानं जुळवावं लागतं. त्यात वाया जाणारे तीन-चार शॉट वरच्या साडेपाच रुपयांत मावतात का बघा.

पाण्यात बहुतेकजण फसतात. बोअरचं पाणी थेट लावलं की बॉयलरमध्ये क्षार धरतो. म्हणून आरओ लावतात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) १५-२० वर आणून ठेवतात. मग कॉफी सपक लागते, ती लागतेच. पण बॉयलरमधली पातळी ओळखणारी कांडी क्षारांतून वाहणाऱ्या विजेवर चालते. इतकं मऊ पाणी तिला कळतच नाही. पंप भरतच राहतो आणि स्टीमच्या नळीतून वाफेऐवजी गरम पाणी फुरफुरायला लागतं. मेकॅनिक कांडी बदलतो, बिल लावतो, दोष तसाच. आरओला बायपास व्हॉल्व्ह घ्या आणि टीडीएस १०० च्या आसपास ठेवा.

गाळ्याच्या वीजबिलावरचा मंजूर भार मशीनला पुरतो का, ते वाचल्याशिवाय मशीन बुक करू नका.

सायीवरची_साय
म्हशीचं दूध चहाला झकास, पण सहा-सात फॅटची कॅपुचिनो जड होते. साडेतीन फॅटचं गाईचं दूध फ्रीजमधून काढून लगेच फेसायला घ्या आणि ६० ते ६५ डिग्रीला थांबा. ७० च्या पुढं फेस फुटतो आणि उतू गेल्यासारखा वास येतो. आपल्याकडं गिऱ्हाईक "जरा कडक गरम द्या" म्हणणारच. तेव्हा दूध तापवू नका, कप उकळत्या पाण्यानं तापवा.

वारणाली२१
मारुती चौकाकडं भाडं निम्मं आहे. तिकडं बघू का?

वहीखातं
ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात तिथं पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या दुकानदाराला भिंतीवर हात लावून दाखवायला सांगा. ती खूण ओट्याच्या वर असेल, तर पाण्याची आणि विजेची जोडणी अशी करून घ्या की दोघांना मशीन अर्ध्या तासात सोडवून टेम्पोत घालता येईल.